परसातील संपत्ती

पश्चिम रेल्वेच्या मार्गावर बोईसर आणि डहाणू रोड या दोन स्थानकांच्या मध्ये वाणगाव हे स्थानक लागते. पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील हे गाव. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याकडील डोंगर व रान, आणि मधल्या सपाट पट्टीत भाताची खाचरे, चिकूच्या व आंब्याच्या वाड्या आणि मिरचीचे मळे, असा हा प्रदेश आहे. ज्येष्ठ सरता सरता येथे पाऊस सुरू होतो आणि चार महिने ओढे-नाले दुथडी भरून वाहतात. या किनाऱ्यावर वर्षाकाठी दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. असे असूनही वैशाखात डोंगराकडील पाड्यांतून डोक्यावर हंडे घेतलेल्या स्त्रिया दूरच्या विहिरीची वाट चालताना दिसतात. जेथे आभाळ एवढे उदार, तेथे पाण्याची अशी ओढ का पडावी?

या कोड्याचे उत्तर अगदी साधे आहे. आभाळ पाणी देते. परंतु माणूस ते थांबवीत नाही. छपरावरचे पाणी पन्हळीतून अंगणात, अंगणातून गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून समुद्रात जाते. जी गत पाण्याची, तीच घरातील इतर वस्तूंची. भाजीची देठे, फळांच्या साली, झाडांचा पाला, न्हाणीचे पाणी ही सारी घराबाहेर घालवून दिली, की घर स्वच्छ झाले असे आपण समजतो. परंतु ज्याला आपण कचरा म्हणतो, त्यात पुष्कळशी संपत्ती दडलेली असते. ती ओळखता आली, तर घराचा खर्च कमी होतो, परस हिरवा राहतो आणि भोवतालची भूमी, पाणी व हवा यांचेही रक्षण होते.

रानात कधी कोणी केर काढीत नाही; तरी रान घाणेरडे होत नाही. झाडाचे पान गळते, जमिनीवर पडते, पावसात भिजते. बुरशी, किडे, गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव त्यावर उपजीविका करतात. काही महिन्यांत त्या पानाची माती होते आणि त्याच मातीतून झाडाची मुळे पुन्हा अन्न घेतात. जे झाडाने दिले ते झाडालाच परत मिळते. निसर्गाच्या घरात ‘टाकाऊ’ असा शब्दच नाही. एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे अन्न, असे हे चक्र अखंड फिरत असते.

जुन्या काळची घरे या चक्राला धरून होती. वारली लोकांचे घर पाहिले तर ही गोष्ट ध्यानात येते. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यांवर माती व शेणाचा लेप, आणि मंगलप्रसंगी त्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने रेखलेली शुभ्र चित्रे. असे घर जुने होऊन पडले, तरी त्यातील बहुतेक वस्तू मातीस मिळून जात. याच लोकांचे तारपा नावाचे वाद्य वाळलेल्या दुधी भोपळ्यापासून, बांबूच्या नळ्या व ताडाची पाने जोडून केले जाते. मांडवावर वाढलेल्या वेलीचे फळ वाद्य होऊन अंगणात वाजू लागते आणि त्याच्या नादावर सारा पाडा फेर धरून नाचतो!

आज घरे बदलली आहेत. सिमेंटच्या भिंती, नळाचे पाणी, विजेचे दिवे आणि वेष्टनांत बांधून आलेल्या वस्तू यांमुळे जीवन सुखाचे झाले, यात संशय नाही. मागे जाऊन सर्वांनी कुडाच्या घरात राहावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु सुखसोयी घेताना ते जुने चक्र मात्र तुटता कामा नये. ते जोडून ठेवण्यासाठी कोणत्या सवयी लावून घ्याव्या लागतात, हे क्रमाने पाहिले पाहिजे.

प्रथम पाणी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी जमते. चाळीस चौरस मीटरचे लहानसे छप्पर घेतले आणि पाऊस दीड हजार मिलिमीटर धरला, तर त्या एका छपरावर वर्षाला ६०,००० लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या कुटुंबास रोज माणशी ५० लिटर लागते असे मानले, तर हे पाणी २४० दिवस, म्हणजे आठ महिने पुरेल! विद्यार्थ्यांनी आपापल्या घराचे छप्पर मोजून हे गणित स्वतः करून पाहावे. हे सगळेच पाणी साठविणे शक्य नसते, हे खरे. परंतु पन्हळीचे तोंड टाकीकडे वळविता येते. आणि टाकी भरल्यावर राहिलेले पाणी दगड, खडी व वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळून विहिरीजवळच्या जमिनीत मुरविता येते. पहिल्या एकदोन सरींचे पाणी मात्र वाहून जाऊ द्यावे. कारण छपरावरची धूळ व पक्ष्यांची विष्ठा त्याबरोबर धुऊन निघते. पिण्यासाठी हे पाणी घ्यावयाचे तर ते गाळून व उकळूनच घ्यावे.

पाणी साठविण्याइतकेच ते न सांडणेही महत्त्वाचे आहे. नळाची तोटी नीट बंद झाली नाही, तर सेकंदाला एक थेंब गळतो. एका थेंबाने काय बिघडते, असे वाटते. परंतु वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी त्या एका तोटीतून निघून जाते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण सर्वांना ठाऊक असते. थेंबे थेंबे तळे आटते, हेही तितकेच खरे आहे.

वापरलेल्या पाण्याचा विचार आपल्या वाडवडिलांनी फार चांगला केला होता. मोरीचे व न्हाणीचे पाणी जेथे उतरत असे, तेथे ते केळ, अळू किंवा कर्दळ लावीत. केळीला पाणी पुष्कळ लागते आणि अळूला ओल आवडते. त्यामुळे पाणी कोठेही तुंबत नसे आणि घरास केळफूल, केळी व पानगे थापण्यास हिरवी पाने मिळत. आजही ही योजना तितकीच उपयुक्त आहे. मात्र भांड्यांसाठी व कपड्यांसाठी सौम्य साबण बेताने वापरावा आणि तीव्र रसायनांचे पाणी झाडांना घालू नये.

जेथे अशी बाग करण्यास जागा नाही, तेथे शोषखड्डा करावा. सुमारे एक मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा घेऊन त्यात तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे व खडी आणि वर जाड वाळू भरली, म्हणजे सांडपाणी त्यातून हळूहळू जमिनीत मुरते. हा खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून दूर असावा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी असे शोषखड्डे घेतले आणि गावातील गटारे व डास या दोन्ही पीडा दूर केल्या. डासाची मादी साचलेल्या पाण्यात अंडी घालते आणि त्यांतून नवा डास उडण्यास सामान्यतः आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व पिंपे व रांजण रिकामे करून, घासून कोरडे करण्याची चाल अत्यंत हितकर आहे. झाडांच्या कुंड्यांखालच्या बशा व अंगणात पडलेल्या करवंट्याही त्या दिवशी विसरू नयेत.

आता पालापाचोळ्याचा विचार करू. आंबा, चिकू, फणस यांची पाने अंगणात रोज पडतात. पुष्कळ घरी सकाळी खराट्याने ती गोळा करून पेटवून देतात. अंगण झटपट साफ होते खरे; परंतु त्या धुराने डोळे चुरचुरतात, लहान मुलांना व वृद्धांना खोकला येतो, आणि जमिनीस मिळणारे खाद्य हवेत उडून जाते. एकीकडे पाला जाळावयाचा आणि दुसरीकडे बाजारातून खताचे पोते विकत आणावयाचे, हा व्यवहार कोणत्या शहाणपणाचा?

या पाल्याचे उत्तम खत करता येते. परसाच्या एका कोपऱ्यात, थोड्या सावलीच्या जागी, प्रथम वीतभर जाडीचा सुक्या पानांचा थर द्यावा. त्यावर भाजीची देठे, साली, चहाचा चोथा असा ओला केर चार बोटे पसरावा. त्यावर मूठमूठ माती टाकून शेणकाला शिंपडावा. याप्रमाणे थरांवर थर देत जावे. ढिगाची ओल अशी असावी, की त्यातील थोडा भाग मुठीत दाबला असता हात ओला व्हावा. परंतु पाणी ठिबकू नये. चार-आठ दिवसांत ढीग आतून तापू लागतो. हात घालवणार नाही इतकी उष्णता त्यात निर्माण होते. सूक्ष्म जीव आपले काम करू लागल्याची ती खूण होय. दर पंधरा दिवसांनी ढीग वरखाली करावा, म्हणजे आत हवा खेळते. सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत व पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येणारे खत तयार होते. ढिगास दुर्गंधी आली, तर त्यात पाणी फार झाले किंवा हवा कमी पडली असे समजून सुका पाला मिसळावा. कोकणपट्टीत पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते; म्हणून त्या दिवसांत ढीग जमिनीच्या वर रचून त्यावर झापांचे आच्छादन घालणे चांगले.

ही विद्या आपल्याच भूमीतील आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ भारतात आले, ते येथील शेतकऱ्यांना शिकविण्यासाठी. परंतु येथील शेतकऱ्यांपासून आपणच पुष्कळ शिकलो, असे त्यांना आढळून आले. १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेत त्यांनी प्रयोग करून खत तयार करण्याची एक शास्त्रशुद्ध रीत बसविली. ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाली.

वाणगावाहून उत्तरेस, महाराष्ट्राची सीमा ओलांडताच, गुजरातच्या उंबरगाव तालुक्यात देहरी नावाचे गाव आहे. तेथील भास्कर सावे (१९२२–२०१५) या शेतकऱ्याची वाडी ‘कल्पवृक्ष’ या नावाने ओळखली जाते. आरंभी सावे यांनीही इतरांप्रमाणे रासायनिक खते वापरली. परंतु दरवर्षी खर्च वाढत चालला आणि जमिनीचा कस मात्र उतरू लागला, हे पाहून त्यांनी ती वाट सोडली. झाडांखाली गळालेला पाला त्यांनी तेथेच राहू दिला. जमीन झाकलेली ठेवली. नांगरणीचे काम गांडुळांवर सोपविले. पाणीही झाडाच्या बुंध्याशी न देता थोड्या अंतरावरील चरांतून देण्याची रीत त्यांनी पाडली. त्यामुळे मुळे ओलाव्याच्या शोधात दूरवर पसरली. चिकू व नारळ यांनी ती वाडी बहरली आणि ती पाहण्यासाठी देशोदेशींचे अभ्यासक येऊ लागले. एवढी मोठी वाडी प्रत्येकाजवळ नसते. परंतु दाराशी एक आंब्याचे झाड असेल, तर त्याच्या आळ्यात त्याचाच पाला पसरून ठेवणे कोणासही जमेल. या आच्छादनाने उन्हाळ्यात ओल टिकते, तण कमी उगवते आणि पाणी कमी लागते.

खताबरोबर बियाण्याचाही विचार हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे या आदिवासी गावी राहणाऱ्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे शिक्षण घेतलेले नाही. परंतु गावठी वाल, घेवडा, भात व भाज्या यांचे वाण नाहीसे होत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ते जमवून जतन करण्यास आरंभ केला. परसबागेत पिकविलेले वाण त्या बियांसाठी राखून ठेवीत आणि इतर शेतकरी स्त्रियांना देत. या कार्यासाठी २०२० सालच्या पद्मश्री पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात. दुधी, कारले, भेंडी, वाल यांचे एखादे निरोगी फळ वेलीवरच पिकू द्यावे, बी सावलीत वाळवून राखेत घोळून ठेवावे आणि पुढल्या पावसाळ्यात पेरावे, हे काम बारा वर्षांच्या मुलासही सहज करता येण्यासारखे आहे. पिकावर मावा वगैरे कीड पडली, तर विषारी औषधाकडे धाव घेण्यापूर्वी निंबोळीचा अर्क वापरून पाहावा. ५० ग्रॅम निंबोळ्यांची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, त्यात थोडा साबण मिसळून फवारला, की पुष्कळशा किडी आटोक्यात येतात.

येथवर मातीत मिळणाऱ्या वस्तूंचा विचार झाला. परंतु ज्या वस्तू मातीत मिळत नाहीत, त्यांचे काय? प्लास्टिकची पिशवी खताच्या ढिगात टाकली, तर वर्षानंतरही ती तशीच निघते. जाळली, तर तिच्यातून विषारी वायू निघतात. ओढ्यात टाकली, तर ती नाला तुंबवते, किंवा समुद्रास मिळते आणि चिंचणी, वरोर येथील कोळ्यांच्या जाळ्यात माशांऐवजी अडकते. म्हणून महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये अशा पिशव्यांवर बंदी घातली, आणि एकदाच वापरून फेकून देण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. कायदा झाला, परंतु बाजारात निघताना खुंटीवरची कापडी पिशवी घेणे हे कायद्याचे काम नव्हे, ते हाताच्या सवयीचे काम आहे. घरी आलेले प्लास्टिक, काच व पत्रा धुऊन, सुकवून निराळे ठेवावे, म्हणजे ते भंगारवाल्यास देता येते. विजेच्या घटमाला, फुटके दिवे व उरलेली औषधे मात्र या दोहोंतही न मिसळता वेगळी ठेवावीत. कारण त्यांतील द्रव्ये माती व पाणी दूषित करतात.

टाकाऊ वाटणाऱ्या वस्तूंकडे कसे पाहावे, याचा धडा डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर मिळाला आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाड येथे नेले. आदिवासी बालकांना शिकविण्यासाठी महागडी साधने आणण्यास पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने, फुले यांनाच शिक्षणाची साधने बनविले. चिंचोक्यांनी मुले मोजण्यास शिकली. ज्याच्याजवळ दृष्टी आहे, त्याला अंगणातही भांडार सापडते.

शेवटी विजेसंबंधी. वाणगावाच्या एका बाजूस तारापूर आहे. तेथे १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. दुसऱ्या बाजूस डहाणू येथे कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. त्यामुळे वीज बटणातून येत नाही, हे येथील मुलांना निराळे सांगावे लागत नाही. कोळशापासून एक युनिट वीज करण्यास अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जाळावा लागतो. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास लावला, तर महिन्यास ९ युनिटे खर्च होतात; त्याच जागी ९ वॅटचा एलईडी दिवा लावल्यास दीड युनिटही लागत नाही. आणि खोलीत कोणी नसताना दिवा मालविला, तर तेवढाही खर्च वाचतो.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “मोठमोठे कारखाने हवा आणि पाणी बिघडवीत असता एका घराने पाला न जाळल्याने काय होणार?” ही शंका रास्त आहे. घराच्या सवयींनी कारखान्यांची जबाबदारी टळत नाही. त्यासाठी कायदे असतात. केंद्र शासनाने १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला आणि तेथे कोणते उद्योग यावेत यावर बंधने घातली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यावर देखरेख करणारे प्राधिकरण नेमले गेले; न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद अनेक वर्षे भूषविले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याचा प्रश्न तर मच्छीमारांच्या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला. परंतु हे लोक दाद मागण्यास का गेले? खाडीचे पाणी पूर्वी कसे होते आणि आता कसे झाले, हे त्यांना ठाऊक होते म्हणून. ज्याने आपल्या विहिरीचे पाणी कधी पाहिले नाही, त्याला ते बिघडल्याचे कळणारही नाही. आपल्या परसातील माती, पाणी आणि झाड यांची रोजची ओळख ठेवणारा मुलगाच उद्या गावाच्या ओढ्यासाठी बोलू शकेल. आणि स्वतःचे अंगण स्वच्छ ठेवणाऱ्याच्या बोलण्यास वजनही येईल.

या सवयींना फारसा पैसा लागत नाही. थोडे ध्यान आणि थोडे श्रम मात्र लागतात. आज पन्हळीखाली एक पिंप ठेवावे, उद्या परसाच्या कोपऱ्यात पानांचा पहिला थर द्यावा, परवा एक दुधी बियांसाठी राखावा. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या भूमीच्या गुणांचे प्रमाणपत्रच होय. ती भूमी जशी मिळाली, त्याहून अधिक कसदार करून पुढच्यांच्या हाती देणे, हे तिच्या प्रत्येक लेकराचे कर्तव्य आहे. आणि त्या कर्तव्याचा आरंभ घराच्या मागल्या दारी, परसात होतो.